घरच्या घरी : खोली तीच, कपाट तेच!



परीक्षा जवळ आल्या की माझ्याकडे येणारी पत्रं का वाढतात, हे एक कोडंच आहे. अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं, असं तुमच्या आयांचं मत. मी त्या वादात पडत नाही. पण या वेळच्या टपालात एक पत्र असं आलं की, ठरवलेला विषय मी बाजूला ठेवला.

पत्र रत्नागिरीजवळच्या एका गावातून आलंय. लिहिणारी मैत्रीण आठवीत आहे. सोबत चौकटीच्या कागदावर खोलीचा नकाशा काढलाय, मापांसकट. (मापं लिहिणारे वाचक मला फार आवडतात!) खोली दहा फूट बाय बारा फूट. तिच्यात तिघं झोपतात : ती, तिचा पाचवीतला भाऊ आणि आजी. सामान म्हणाल तर एक पलंग, एक लोखंडी कपाट, भिंतीतलं फडताळ आणि आजीची ट्रंक. ती लिहिते, “काका, पश्चिमेकडच्या भिंतीचे पोपडे निघालेत. कपाट उघडलं की कुबट वास येतो. आजीला खोकला आहे. बाबा म्हणतात, रंगारी पुढच्या वर्षी बघू. मे महिन्यात आम्हीच केलं तर जमेल का? आणि फडताळ कोणाचं यावरून आमची रोज भांडणं होतात. त्यावर पण काहीतरी सांगा.”

जमेल! चार-पाच दिवस, घरातलं एक मोठं माणूस आणि भरपूर जुनी फडकी एवढं मिळालं तर नक्की जमेल. पण एक गोष्ट आधीच सांगतो. खोली नवी करायची म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय येतं? रंगाचा डबा आणि ब्रश! तो डबा आपल्याला लागणार आहे सगळ्यात शेवटी. पहिले दोन दिवस तर रंगाचं नावही काढायचं नाही. त्या भिंतीला काय झालंय, हे आधी शोधून काढू.

पोपडे म्हणजे भिंतीला झालेलं दुखणं नाही, ते दुखण्याचं लक्षण आहे. आत पाणी आहे, ते बाहेर पडायला बघतंय आणि वाटेत येणारा रंग ढकलून देतंय. त्यावर पुन्हा रंग फासला तर भिंत दिवाळीपर्यंत छान दिसेल आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. म्हणून ओल कुठून येते त्याचा तपास करायचा, अगदी गुप्तहेरासारखा. ओल जमिनीपासून फूट-दोन फुटांपर्यंतच असेल, तर पाणी खालून येतंय. कोकणात बहुतेक वेळा दोषी असतात पागोळ्या. कौलांवरून पडणारं पाणी अंगणात आपटतं, उडतं आणि जोत्याला भिजवत राहतं. कधी बाहेरून भिंतीला लागून मातीचा ढीग किंवा लाकडं रचलेली असतात. ती हलवली आणि पाण्याला लांब जायला छोटी चर काढून दिली, की निम्मं काम झालं. डाग वरून खाली ओघळलेला असेल तर कौल फुटलंय किंवा सरकलंय. ते काम मोठ्यांचं, तुम्ही कौलांवर चढायचं नाही. आणि डाग नेमका कपाटाच्या मागेच, कपाटाच्या आकाराचा असेल, तर तिथे वाराच फिरत नाहीये. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं तरी फरक पडतो.

आमच्या मैत्रिणीच्या घराची भिंत जांभ्या दगडाची असणार, असा माझा अंदाज आहे. जांभा दिसायला देखणा, पण अंगावर बारीक भोकं असलेला. पाणी पितो आणि वाळायला वेळ घेतो. म्हणून तर कोकणात पावसाआधी पश्चिमेच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायची पद्धत आहे. नुसता गिलावा त्या पावसापुढे किती दिवस टिकणार?

आता एक प्रयोग. दुधाची रिकामी पिशवी कापून उघडा, धुऊन कोरडी करा. संशयित भिंतीवर जिथे रंग अजून घट्ट आहे अशी जागा बघून ती पिशवी चारही बाजूंनी चिकटपट्टीने अगदी घट्ट चिकटवा. एक दिवस आणि एक रात्र जाऊ द्या. मग बघा, दहिवर कोणत्या बाजूला आलंय? भिंतीकडच्या बाजूला असेल तर पाणी भिंतीच्या पोटात आहे. खोलीकडच्या बाजूला असेल तर खोलीतली हवाच दमट आहे, म्हणजे खिडक्या उघडत नाहीत किंवा ओले कपडे खोलीत वाळत घातले जातात. फक्त एक लक्षात ठेवा. मे महिन्यात हा प्रयोग कोरडा निघाला म्हणून हुरळून जाऊ नका. पावसात ओल कुठपर्यंत चढते ते आजीला विचारा आणि तिथे पेन्सिलने रेघ मारून ठेवा. या बाबतीत आजीची आठवण आपल्या पिशवीपेक्षा पक्की.

कपाटातला कुबट वास हा बुरशीचा. भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसतात तीही बुरशीच. तिची बारीक बीजं हवेत उडतात, आणि आजीसारख्या खोकला असलेल्या माणसाला त्यांचा जास्त त्रास होतो. म्हणून पहिला नियम असा : काम सुरू करायच्या आदल्या रात्रीपासून आजीचं अंथरूण दुसऱ्या खोलीत. दुसरा नियम, बुरशी कोरडी झाडायची नाही. झाडली की ती घरभर होते. नाकाला रुमाल बांधा, साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसा आणि ते फडकं टाकून द्या. आजीचा खोकला नुसत्या भिंतीमुळेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांना विचारा. पण भिंत कोरडी झाल्याने कोणाचं नुकसान होणार नाही, एवढं नक्की.

आता खोली रिकामी करू. इथे आपल्याला एक मोठी परीक्षा द्यायची आहे, ती म्हणजे आजीची ट्रंक!

आपल्याकडे कपडे ठेवायच्या सोयी कशा बदलत गेल्या बघा. आधी भिंतीतल्या खुंट्या होत्या. मग वलणी, म्हणजे आढ्याला टांगलेली दांडी, तिच्यावर धोतरं-लुगडी टाकायची. दिव्यासाठी कोनाडा, डब्या-बाटल्यांसाठी फडताळ आणि ठेवणीतल्या कपड्यांसाठी लाकडी पेटारा. पेटाऱ्याच्या जागी पत्र्याची ट्रंक आली. १९२३ साली गोदरेजने पोलादी कपाटं करायला सुरुवात केली, आणि पुढे लग्नात मुलीला ‘गोदरेजचं कपाट’ देणं ही इतकी मोठी गोष्ट झाली की, कोणत्याही कंपनीच्या लोखंडी कपाटाला लोक गोदरेजच म्हणू लागले. मुंबईत १९२०च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींमध्ये एकेक खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात स्वयंपाक, अभ्यास, झोप आणि पाहुणे सगळंच! तिथे ‘बेडरूम’ म्हणजे पलंगाखालची ट्रंक आणि डोक्यावरचा पोटमाळा. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत तिघं राहतात ही काही रडण्यासारखी गोष्ट नाही. जागा कमी असते त्या घरात डोकं जास्त चालतं.

तर ती ट्रंक. तिच्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि ‘जुनं-पुराणं’ म्हणून ती परस्पर रिकामी करायचा तुम्हाला अधिकारही नाही. आजीला पाटावर बसवा, ट्रंक तिच्यापुढे ठेवा आणि तिलाच एकेक वस्तू काढू द्या. याला अख्खी दुपार लागेल. लागू दे. आजोबांचा टोपीचा डबा, तुमच्या बाबांचं तिसरीतलं प्रगतिपुस्तक (ते तर नीट वाचाच!), एखादं रेशमी नऊवारी असं काहीबाही निघेल. रेशमी जरीचं लुगडं वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की घडीवर चिरतं. ते सावलीत थोडा वेळ वारा लागेल असं पसरा, कडक उन्हात नको. मग घडी वेगळ्या जागी मोडून जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची हे काम नातवंडांनी आपल्याकडे घ्यावं. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या कपड्यांत आणि दुपट्यांत या गोळ्या कधीही ठेवायच्या नाहीत, त्यांची वाफ बाळांना घातक ठरू शकते. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पातळ पुरचुंडीत बांधून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला. आणखी एक, कांजी केलेले कपडे फार दिवस ठेवून देऊ नका. कसरीला ती कांजी फार आवडते, कपडे खायला येते ती तिच्यासाठीच.

तुमच्या स्वतःच्या कपड्यांबद्दल मात्र मी कठोर आहे. गेल्या दिवाळीपासून जे अंगावर चढलेलं नाही ते बाहेर! आखूड झालेलं धाकट्याला, फाटलेलं गोधडीला, धड असलेलं कोणाला तरी द्यायला. पूर्वी दारावर बोहारीण यायची आणि आई चार जुन्या साड्यांवर एक स्टीलचं पातेलं मिळावं म्हणून तास-तास घासाघीस करायची. अजून काही गावांत ती येते. तुमच्याकडे येत असेल तर ती घासाघीस ऐकाच, गणिताच्या तासाला न कळलेलं बरंच काही कळेल.

खोली रिकामी झाली? पलंग बाहेर नेताना दोघांनी उचला. लोखंडी कपाट भरलेलं असताना हलवायचं नाही. आधी पूर्ण रिकामं, दारं बंद करून कुलूप, मग मोठी माणसं ते हलवतील. कपाट अंगावर पडणं ही गंमत नव्हे. खोलीचे दिवे-पंख्याचं बटण नुसतं बंद करून भागत नाही, भिंत ओली करताना त्या खोलीचा विजेचा पुरवठा मेन स्विचवरून बंद करायला बाबांना सांगा.

आता भिंत खरवडायची. हातात पत्री, डोळ्यांवर चष्मा, नाकावर रुमाल. भिंतीवर आधी थोडं पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही. जे सुटतंय ते सगळं काढा, जे घट्ट बसलंय त्याच्याशी कुस्ती नको. पोकळ वाजणारा गिलावा बोटाने ठोकून ओळखता येतो, तो मोठ्या माणसाला दाखवा. भेगा आणि खड्डे भरून, वाळवून, पॉलिश पेपरने घासा. या कागदाच्या पाठीवर आकडा असतो. आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. ८० नंबरने सुरुवात आणि १८० नंबरने शेवट असं केलं की हात फिरवल्यावर भिंत गुळगुळीत लागते.

पण थांबा! हा कागद जुन्या दारा-खिडक्यांवर किंवा जुन्या कपाटाच्या तैलरंगावर फिरवायचा नाही. आई-बाबांनी हा परिच्छेद आवर्जून वाचावा. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. रंग चकचकीत व्हावा, लवकर वाळावा म्हणून ते घालत. आपल्या देशात घरगुती रंगांमधल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती २०१६ सालच्या नियमांनी, आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून : दहा लाख भागांत जास्तीत जास्त ९० भाग. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या दारावर शिसं असू शकतं. रंग धड आहे तोवर ते तिथेच बसून असतं. कोरडं घासलं की धूळ होऊन नाकातोंडात जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते फार वाईट. म्हणून जुना तैलरंग घट्ट असेल तर तो फक्त साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या आणि त्यावर नवा रंग द्या. पापुद्रे सुटत असतील तर ते काम मोठ्यांनी करायचं. पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने, मुलांना घराबाहेर पाठवून, आणि नंतर सगळं ओल्या फडक्याने पुसून. पाचवीतला भाऊ या वेळी आजीबरोबर अंगणात! त्याला गप्प बसवायला भेळ हा चांगला उपाय आहे.

हुश्श! आता रंग. ज्यांच्या भिंती आमच्या मैत्रिणीसारख्या जुन्या, दगडी आणि ओल धरणाऱ्या आहेत, त्यांना माझा सल्ला एकच, चुना. हो, साधा पांढरा चुना! शेजाऱ्यांकडे गुळगुळीत प्लॅस्टिकचा रंग आहे म्हणून आपणही तोच हवा असा हट्ट धरू नका. तो रंग भिंतीवर रेनकोटसारखा बसतो. बाहेरचं पाणी आत येत नाही हे खरं, पण आतलं पाणीही बाहेर जाऊ शकत नाही आणि फुगे येतात. चुन्यातून वाफ आरपार जाते, भिंत वाळू शकते. शिवाय चुन्यावर बुरशी सहजासहजी वाढत नाही, आणि तो स्वस्तही पडतो.

चुन्याची गंमत आठवीच्या पुढच्यांना विज्ञानाच्या पुस्तकात सापडेल. चुनकळी पाण्यात टाकली की पाणी आपोआप उकळायला लागतं, खाली जाळ नसताना! म्हणूनच चुना भिजवायचं काम मुलांचं नाही. मोठ्या माणसाने, लोखंडी पिंपात, आधी पाणी घेऊन त्यात चुनकळीचे खडे थोडे थोडे टाकायचे. प्लॅस्टिकची बादली नको, ती वितळेल. तुम्ही चार हात लांब उभे राहून बघा. डोळ्यात एक थेंब गेला तरी लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. दोन दिवस तो चुना मुरू द्या, मग जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. ताकाइतका पातळ करा. थोडा भिजवलेला डिंक घातला की हाताला लागत नाही, आणि चिमूटभर नीळ घातली की पांढरा जास्त पांढरा दिसतो. पिवळसर भिंत हवी तर पिवळी माती, तांबूस हवी तर गेरू.

भिंत आधी पाण्याने ओलसर करा. मे महिन्याच्या उन्हात कोरड्या भिंतीवर चुना लावला तर तो झटकन सुकतो आणि पिठासारखा सुटतो. पहिला हात दिल्यावर तुम्हाला वाटेल, अरे, हे तर नुसतं पाणी आहे, भिंत तशीच दिसतेय! धीर धरा. जाड थर फासायचा मोह आवरा. चुना जसजसा वाळतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो तसतसा तो पुन्हा दगड बनतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि पांढरा होत जातो. रात्री झोपताना दिसलेली भिंत आणि सकाळी दिसलेली भिंत यांत फरक असतो. असे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस. एक हात आडवा, एक उभा. फक्त आधीचा रंग तैलरंग किंवा प्लॅस्टिकचा असेल तर त्यावर चुना धरत नाही, हे आधी बघून घ्या.

शहरातल्या फ्लॅटमधल्या मंडळींना डिस्टेंपर बरा. तो पाण्यात मिसळतो, वासही कमी. त्यासाठी थोडं गणित करा. दहा बाय बाराच्या खोलीच्या चार भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. उंची १० फूट धरली तर ४४० चौरस फूट. त्यातून दार (७ बाय ३) २१, खिडकी (४ बाय ४) १६ आणि फडताळ (६ बाय ४) २४ वजा करा. राहिले ३७९. डब्यावर किती चौरस फूट भरेल ते छापलेलं असतं, त्याने भागा आणि दोन हातांसाठी दुप्पट करा. छत रंगवणार असाल तर त्याचे १२० वेगळे, आणि छत नेहमी आधी, कारण थेंब खाली पडतात, वर नाही! रंगाच्या डब्यावरून आठवलं. डब्यावरचा तो कपाळावर झुलूप असलेला, हातात ब्रश घेतलेला खट्याळ ‘गट्टू’ घरातल्या मोठ्यांना विचारा. १९५४ साली तो काढला होता आर. के. लक्ष्मण यांनी. आपल्या चौकड्याच्या कोटातल्या ‘कॉमन मॅन’वालेच ते!

भिंती वाळेपर्यंत फडताळाकडे वळू. भांडणाचं मूळ तेच आहे ना?

आधी लाकूड तपासा. फळ्यांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी आहे. अशा फळीवर रंग देणं म्हणजे तिला पांघरूण घालणं. फळी काढून टाका आणि वाळवीचं औषध मोठ्यांना माहितगार माणसाकडून करून घेऊ द्या. फळ्या धड असतील तर घासून, पुसून, उन्हात ठेवा.

मग ठेवायच्या वस्तू मोजा. फडताळ नव्हे, वस्तू! हॅंगर साधारण १७ इंच रुंद असतो, म्हणून शर्ट आडव्या दांडीवर टांगायचे तर कपाट आतून २२ इंच तरी खोल हवं. भिंतीतलं फडताळ बहुतेक वेळा एवढं खोल नसतं. तिथे दांडीचा हट्ट सोडा. घडीचे कपडे फडताळात आणि टांगायचे ते दारामागच्या खुंट्यांवर. पुस्तकांना ९-१० इंच खोली पुरते. दोन फळ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवायची गरज नाही. पुस्तकांना १२ इंच, कपड्यांना १४, वह्या आणि कंपासपेटीला ७ इंचही पुरे. नुसत्या फळ्या वर-खाली केल्या तरी त्याच फडताळात एक जादा कप्पा निघतो, करून बघा.

पुस्तकांची फळी वाकते का, याचा एक प्रयोग. फूटपट्टी दोन पुस्तकांवर अशी ठेवा की मध्ये २४ सेंटिमीटर मोकळे राहतील. मधोमध छोटं वजन ठेवा आणि किती वाकली ते बघा. आता तेच वजन ठेवून पुस्तकं १२ सेंटिमीटरवर आणा. वाक निम्मा होईल असं वाटतं ना? तो जवळजवळ आठवा हिस्सा होतो! आणि जाडी दुप्पट केली तरीही वाक आठवा हिस्सा. म्हणून चार फुटांच्या फळीवर पुस्तकं ठेवायची असतील तर मध्ये एक उभी फळी द्या. महागडी जाड फळी आणण्याची गरजच पडणार नाही. फळी सरळ आहे का, हे बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं फळीच्या दोन कडांना धरा. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखीच असते. गवंडीकाका याच नळीने अख्ख्या घराची पातळी काढतात. उभी फळी सरळ बसली का, ते दोऱ्याला नट बांधून बघा, झाला तुमचा ओळंबा. आणि खुंट्यांसाठी भिंतीला भोकं पाडायची असतील तर विजेच्या बटणांच्या सरळ वर किंवा खाली पाडू नका. तिथून तारा गेलेल्या असू शकतात.

आता वाटणी. मोठ्या बहिणीने वरचा कप्पा घ्यायचा आणि भावाने खालचा. मधला, कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीचा, आजीचा. तिला वाकायला नको आणि टाचा उंच करायला नको. “पण मधला सगळ्यात मोठा आहे!” असं भाऊ म्हणणार. म्हणू दे. त्याच्या वाट्याला पलंगाखालची जागा द्या. चाकं लावलेलं एक लाकडी खोकं, पलंगाच्या उंचीपेक्षा दोन इंच कमी. ते एवढं भारी दिसतं की थोड्याच दिवसांत बहीणच त्याच्याकडे अदलाबदल मागेल!

आणि आई-बाबा, एक विनंती. आठवीतल्या मुलीला कुलूप लागतं. मोठं कपाट नको, बिस्किटाच्या डब्याएवढी पेटी आणि एक पितळी कुलूप पुरे. त्यात डायरी असेल, मैत्रिणीचं पत्र असेल, नाहीतर नुसते रंगीत दगड असतील. तीन माणसांच्या खोलीत एवढी एक जागा तिची एकटीची असू द्या. दुसरी किल्ली मागू नका. पाचवीतल्या मुलालाही अशीच पेटी हवी असेल, त्यालाही द्या.

लोखंडी कपाटावर गंज असेल तर तो घासून त्यावर आधी रेड ऑक्साइडचा हात आणि तो वाळल्यावर तैलरंग द्यायचा, पण कपाट २०१७च्या आधीचं असेल तर वर सांगितलेला शिशाचा नियम इथेही लागू. हे काम अंगणात, वाऱ्यावर करा. तैलरंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत आजीचं अंथरूण बाहेरच. टर्पेंटाइनमध्ये भिजलेली फडकी चुलीजवळ किंवा देवाच्या दिव्याजवळ नकोत.

कपाट परत ठेवताना ती चार बोटं विसरू नका. पायांखाली चार विटा ठेवून ते थोडं उचललं तर खालूनही झाडता येतं, पण विटा एका पातळीत हव्यात, नळी काढा पुन्हा! पावसाळ्यात कोरड्या दिवशी कपाटाची दारं तासभर उघडी ठेवायचं काम आळीपाळीने करा.

आमच्या रत्नागिरीच्या मैत्रिणीला खास सूचना. काम मेच्या पहिल्या आठवड्यातच सुरू कर. उशीर केलास तर त्या खोलीत आंब्याची अढी लागेल आणि मग घरातलं कोणीही तुझं ऐकणार नाही. तिसरा हात वाळून मृग लागेपर्यंत मध्ये पंधरा-वीस दिवस तरी मिळायला हवेत. आणि जुलैत एकदा त्या पेन्सिलच्या रेघेपाशी हात लावून बघ. ओल रेघेच्या खाली राहिली की वर चढली, ते मला कळव. बाकीच्यांनीही आपापल्या खोल्यांचे नकाशे पाठवा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही मापं लिहा आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे ते बाणाने दाखवा.

— तुमचा काका